डिस्क गेली म्हणायच्या आधी केबल तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पेपरात टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर कसे सांभाळायचे यावर चांगली माहिती येते, पण घरच्या कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्कबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. त्यातही दोन डिस्क जोडून एक केलेल्या असतात, ज्याला रेड झिरो किंवा स्ट्रायपिंग म्हणतात, त्याबद्दल मला लिहायचंय, कारण आमच्याकडे रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत घरून लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं भरपूर आहेत आणि काही वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या बऱ्याच मशीनमध्ये दुकानवाल्यांनी हेच करून दिलंय, "फास्ट चालेल" एवढंच सांगून. आता त्या डिस्क जुन्या झाल्यात आणि त्रास द्यायला लागल्यात.

स्ट्रायपिंगमध्ये होतं काय, तर फाइलचे छोटे छोटे तुकडे, साधारण ६४ किंवा १२८ केबीचे, एक या डिस्कवर एक त्या डिस्कवर असे आळीपाळीने लिहिले जातात. दोघी एकाच वेळी काम करतात म्हणून मोठी फाइल वाचायला-लिहायला जवळपास दुप्पट स्पीड मिळतो, पण पोथीची विषम पानं एका घरात आणि सम पानं दुसऱ्या घरात ठेवल्यासारखं आहे हे, एका घराला कुलूप लागलं की उरलेल्या पानांतून काही अर्थ लागत नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडवरचा, म्हणजे अनेक डिस्क जोडून वापरायच्या पद्धतीवरचा, पेपर लिहिला त्यात १ ते ५ असे प्रकार होते आणि त्या सगळ्यांत एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवायची सोय होती, हा शून्य नंबरचा प्रकार त्यात नव्हताच, तो नंतर आला. एक डिस्क वर्षभरात जायची शक्यता शंभरात ३ धरली तर दोन डिस्कच्या ॲरेची, म्हणजे अशा जोडीची, ती जवळजवळ ६ होते. हे दुकानात कुणी सांगत नाही, हा माझा पहिला राग.

माझ्या मावसभावाचं मशीन असंच. दोन दोन टीबीच्या दोन डिस्क, विंडोजमध्ये मिळून ३.६ टीबीचा एकच ड्राइव्ह दिसायचा, विंडोज वेगळ्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर. सुरुवातीला टाइमलाइन ओढताना मध्येच सगळं अर्धा-एक मिनिट गोठायचं, माऊस हलायचा पण बाकी काही नाही, मग आपोआप सुरू. मग एक दिवस मशीन चालू करताना काळ्या स्क्रीनवर ॲरेच्या नावासमोर लाल अक्षरात फेल्ड, बंद करून परत चालू केलं की हिरव्या अक्षरात नॉर्मल. दुकानवाल्याने मशीन न बघता फोनवरच सांगून टाकलं, डिस्क गेली, नवीन टाकून फॉरमॅट मारू. भावाचा मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता, "ताई, अख्ख्या सीझनचं काम आहे गं त्यात, काही लग्नं तर अजून द्यायचीत." मी त्याला सांगितलं, मशीन बंद कर, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नको.

असं कधी नॉर्मल कधी फेल्ड चालू असेल ना, तर नॉर्मल दिसतंय तेवढ्या वेळात पहिलं काम डेटा बाहेर काढायचं, दुरुस्ती नंतर. बाहेरची यूएसबी डिस्क लावायची आणि जे परत मिळणार नाही ते आधी कॉपी करायचं, म्हणजे कॅमेऱ्यातलं मूळ फुटेज, घरचे फोटो, मग प्रोजेक्ट फाइल. रेंडर केलेला व्हिडिओ शेवटी, तो परत करता येतो. आणि विंडोजमधलं चेकडिस्क अजिबात मारायचं नाही. ते फाइलसिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही, नीट करायला बनवलंय, डिस्क मध्येच गायब होत असताना ते चालवलं तर अर्धवट वाचलेलं खराब समजून फाइलींच्या नोंदीच काढून टाकतं, आणि बरे असलेले फोल्डरही जातात.

कॉपी झाल्यावर मग कारण शोधायला बसलो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडला तर गोठण्याच्या बरोबर वेळेला १२९ नंबरच्या वॉर्निंगची रांग, म्हणजे डिस्ककडून उत्तर येईना म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. त्यासोबत १५३ पण होते, म्हणजे वाचणं किंवा लिहिणं परत करून बघावं लागलं. पण ७ नंबर, जो बॅड ब्लॉकचा असतो, तो एकही नव्हता. इथेच मला वाटलं की डिस्क बरी असणार. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, ते मदरबोर्डवरच्या इंटेल कंट्रोलरने रेडमध्ये जोडलेल्या दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दाखवतं. त्यात बघायच्या ओळी चारच. ५ म्हणजे खराब सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) बदली दुसरे वापरले ते, १९७ (तिथे सी५ असं दिसतं) म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, १९८ (सी६) म्हणजे सुधारताच न येणारे, आणि १९९ (सी७) म्हणजे केबलमधून येता-जाता बिघडलेला डेटा. दोन्ही डिस्कचे पहिले तिन्ही शून्य. एका डिस्कचा १९९ सुद्धा शून्य, आणि दुसरीचा पुढच्या शून्यांनंतर १४सी. हे आकडे ते सॉफ्टवेअर हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, दाखवतं हे खूप जणांना माहीत नसतं, १४सी म्हणजे ३३२. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करता येतं, करून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं किंवा उलट दुर्लक्ष होतं.

कॅबिनेटची मागची बाजू उघडली तर चित्र स्पष्ट होतं. त्या डिस्कची साटा केबल, म्हणजे डेटा नेणारी वायर, कनेक्टरमधून निघाल्या निघाल्या पत्र्याने दाबून काटकोनात मोडलेली, टोकाला लोखंडी क्लिप नाही त्यामुळे बोटाने नुसतं टेकवलं तरी हलत होती. आणि वीज कुठून दिलेली, तर एका जुन्या चार पिनच्या स्प्लिटरमधून, त्यावरच डीव्हीडी रायटर आणि पुढचा पंखा पण, आणि त्या स्प्लिटरच्या पिवळ्या वायरजवळचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. पिवळी वायर १२ व्होल्टची, डिस्कची मोटर त्यावरच फिरते आणि चालू होताना एक मोठी डिस्क २ अँपिअरच्या आसपास ओढते, तिथे जोड ढिला असेल तर व्होल्टेज पडणारच. त्यात आमची हवा खारी आणि दमट, पिना काळ्या पडायला वेळ लागत नाही. क्लिपवाली नवीन केबल आणली, वीज थेट एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्वतःच्या साटा वायरवरून दिली, मोडलेली बाजू मोकळी केली. त्यानंतर १९९ आहे तिथेच थांबला, गोठणं बंद, फेल्ड पण परत आलं नाही. तो आकडा कमी कधीच होत नाही, वाढतोय की थांबलाय एवढंच बघायचं. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलसाठी एका मुलाची अख्ख्या सीझनची कमाई फॉरमॅट होणार होती, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं एक कारण आपल्याकडे फार होतं आणि ते कुणी ओळखत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, घरोघरी लोक रात्री मेन बटण बंद करतात, लाइट पण जाते, त्या वेळी सगळं त्या सेलवर, त्यामुळे तो काही वर्षांत संपतो. संपला की बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, सगळं विसरतं, तारीख मागे जाते आणि साटा मोड रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे डिस्क सुट्या दाखवणाऱ्या मोडवर, येतो. मग विंडोज ॲरेवरच असेल तर निळी स्क्रीन येते, आणि ॲरेवर नुसता डेटा असेल तर तो ड्राइव्ह गायब. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की विंडोज विचारतं, ही डिस्क इनिशियलाइझ, म्हणजे नव्याने तयार, करू का? कारण पार्टिशनची, म्हणजे ड्राइव्हच्या भागांची, माहिती पहिल्या डिस्कच्या सुरुवातीला असते, दुसरी त्याला कोरी वाटते. तिथे कृपा करून ओके दाबू नका, कॅन्सल करा. ओके केलं की विंडोज त्या डिस्कच्या सुरुवातीला आणि जीपीटी ही पार्टिशनची पद्धत निवडली तर शेवटीही स्वतःचं लिहितं, आणि इंटेलचा कंट्रोलर ॲरेची ओळख नेमकी शेवटच्या सेक्टरजवळच ठेवतो, तीच पुसली जाते. सेल बदलायचा, बायोसमध्ये जाऊन साटा मोड परत रेड करायचा, बस, ॲरे जसाच्या तसा दिसतो. मी असं एका शेजाऱ्यांकडे केलंय, काका तर डिस्क भंगारात द्यायला निघाले होते.

५, १९७ किंवा १९८ वाढत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे डिस्कच खरोखर चाललीय. कटकट असा आवाज येत असेल तर चालूच करू नका, लॅबला द्या, आणि देताना दोन्ही डिस्क द्या, एकीवरून काही होत नाही. आवाज नसेल आणि हात बसलेला माणूस असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत्येक डिस्कची वेगळी इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, काढता येते, ते आधी सोपं सोपं उचलतं, अडलेलं शेवटी ठेवतं आणि कुठपर्यंत झालं ते नोंदवतं, त्यामुळे मध्ये लाइट गेली तरी तिथूनच पुढे. मग त्या इमेजवरून ॲरे उभा करायचा, लिनक्सचा एमडीॲडम हा प्रोग्रॅम इंटेलची खूण ओळखतो. डिस्क काढण्याआधी कुठली कुठल्या पोर्टला होती ते मार्करने डिस्कवर लिहा, फोटो काढा. आणि फाइली कॉपी होतात पण उघडताना करप्ट निघतात असं असेल तर रात्रभर मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्रॅम लावून रॅम तपासा, सगळा दोष डिस्कला देऊ नका.

नॅसवाल्या, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी बनवलेल्या, महाग डिस्क घ्या असं सांगणारे पण भेटतात. त्या डिस्क खराब सेक्टरवर ७ सेकंदांत हात टेकतात, कारण बाकीच्या डिस्कवरून कंट्रोलर तो डेटा परत बनवेल असा हिशोब असतो. स्ट्रायपिंगमध्ये दुसरी प्रतच नाही, मग सात सेकंदांत हात टेकून काय मिळणार, नुसती एरर. त्यात पैसे घालण्यापेक्षा आता साधी साटा एसएसडी सुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या वर देते, दोन फिरत्या डिस्क जोडून एवढं मिळत नाही, तेव्हा एडिटिंगला एसएसडी आणि त्या दोन डिस्क सुट्या करून एकीवर काम आणि दुसरीवर बॅकअप, हे मी सगळ्यांना सांगते. मावसभावाने तसंच केलंय.

दुकानदार मंडळींना माझी एक विनंती आहे. दोन डिस्क स्ट्राइप करून देत असाल तर बिलावर तसं लिहा, एक गेली तर दोन्हीवरचं जाईल हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा, आणि फॉरमॅट मारायच्या आधी चार आकडे बघा, पाच मिनिटं लागतात. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, त्यावरची लग्नं देत नाही.

वाचकांपैकी ज्यांना आपल्या मशीनमध्ये काय आहे हेच माहीत नाही त्यांनी डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्क ड्राइव्हज या नावाखाली बघावं, तिथे कंपनीच्या मॉडेल नंबरऐवजी इंटेल रेड झिरो व्हॉल्यूम असं लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे हेच आहे, आणि मशीन ठीक चालत असलं तरी याच आठवड्यात बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढून ठेवा.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी