मोहननगरच्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

समोर बसून आभार मानले असते, तर तुम्ही "चल, चहा ठेव" म्हणून विषय मोडला असता. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

मे महिन्यातला तो रविवार. उपासनेत शास्त्रवाचन पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. 'मफीबोशेथ' या नावाला मी तीनदा अडखळले. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. पुढचं कसं वाचलं ते आजही आठवत नाही. नंतर कूलरमागे डोळे पुसत उभी होते, तेव्हा तुम्ही आलात. "छान वाचलं" असं खोटं बोलला नाहीत. म्हणालात, "नाव चुकलं वं पोरी. पण तो लंगडा मफीबोशेथ राजाच्या पंक्तीला जेवू लागला, तिथं तुझा आवाज भरून आला. मला तो जेवताना दिसला. शनिवारी घरी ये, नावं म्हणून पाहू."

कौतुक खूप जण करतात. नेमकं काय पोचलं, हे सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात.

मग किती शनिवार गेले! सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीरवडीची, ताटली मध्ये आणि मांडीवर पवित्र शास्त्र. पहिल्या मंडळीतला बर्णबा तुमचा लाडका. त्याचं मूळ नाव योसेफ. बर्णबा हे नाव प्रेषितांनी दिलेलं. यरुशलेमेत सगळे शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होते, तेव्हा हाच त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे अर्ध्या वाटेतून परतलेल्या मार्काला पौल सोबत न्यायला तयार नव्हता, तर बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला. आणि त्याच मार्काला पौल शेवटी पत्र लिहून बोलावतो, 'तो सेवेसाठी उपयोगी आहे' म्हणून! हे सांगताना दरवेळी तुमचा गळा दाटायचा.

कवी टिळकांची गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी ख्रिस्ती माणूस ना. वा. टिळकांशी प्रेमाने बोलला, नवा करार वाचायला दिला. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. "एका डब्यातलं बोलणं वं," तुम्ही म्हणायच्या, "आणि आज आपण त्यांची भजनं गातो."

पण मावशी, मला खरं बोलायचंय ते निराळंच. शब्बाथशाळेला, म्हणजे चर्चमधल्या पवित्र शास्त्राच्या वर्गाला, शिक्षिका निवडताना माझं नाव निघालं, तेव्हा "तिला धड वाचता तरी येतं का?" असं कोणी म्हणालं होतं. त्यावर तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "ती दर शनिवारी शिकते. तिची जबाबदारी माझी." हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

नाताळाआधीच्या रविवारी वाचन माझ्याकडे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ, चाळीसच्या वर नावं. शनिवारी येते. सांबार मी घेऊन येईन, तुम्ही फक्त बेसन भिजवून ठेवा.

तुमचीच,
शनिवारची पोरगी