भित्तिपत्रकाच्या ताईंना जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सहावीतली मुलगी परिपाठात पेपरातली बातमी वाचते तेव्हा तिची मान कागदावरून वर होत नाही. तीच आठवीत मुख्याध्यापकांसमोर वही उघडून उभी राहते आणि विचारते, "सर, दुरुस्तीचा अर्ज कोणत्या तारखेला दिला?" मधली दोन वर्षं तुम्ही पेन्शनीतला वेळ काढून तिला शाळेच्या भित्तिपत्रकासाठी बातमीदारी शिकवलीत. आम्ही भाषाशिक्षक तुमचे मनापासून ऋणी आहोत.

तुमची सुरुवात मोजण्यापासून असते. पोषण आहाराचीच बातमी घ्या. सहावी ते आठवीला दर मुलामागे रोज 150 ग्रॅम तांदूळ, हा नियम आधी वहीत. मग त्या दिवसाची हजेरी. इथेच मुली चुकतात आणि पट धरतात. पट 96, हजर 80 असतील तर पटाने 14 किलो 400 ग्रॅम येतात, लागतात 12 किलो, आणि स्वयंपाकाच्या मावशींवर नाहक आळ येतो. शेवटी काट्यावरचं वजन, दोघींनी वेगवेगळं टिपलेलं. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा काटा. वजन स्वतः पाहिलेल्या मुलीचा आवाज मग मोठ्यांसमोर कापत नाही.

प्रश्न तीनच, अवघड तो शेवटी. "का झालं नाही?" म्हटलं की "बघू" एवढंच उत्तर मिळतं. "कधी, किती, कोणाकडे?" म्हटलं की तारीख नाहीतर आकडा द्यावा लागतो. लिहिलेलं उत्तर समोरच्याला लगेच वाचून दाखवायचं. अबोल मुलींना ही रीत फार मानवली, कारण वहीत बघून बोलता येतं.

सहा ककार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं) आणि मथळा आम्हीही शिकवत होतो. चुकीची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावायची, हे मात्र तुमच्याकडून शिकलो. चूक निस्तरायची वाट ठाऊक झाल्यापासून मुली लिहायला मागे सरत नाहीत.

फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे यांचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला तेव्हा त्या शाळकरी होत्या, हे तुम्ही पहिल्याच तासाला सांगता. आता बातमीखाली पूर्ण नाव घालायचा आग्रह मुलीच धरतात.

पुढचा अंक 6 जानेवारीला, पत्रकार दिनी लागेल. मजकूर 2 तारखेला पाठवतो. नेहमीसारखा लाल पेनाने तपासून द्यावा.

आपले नम्र,
भाषाशिक्षक, उच्च प्राथमिक विभाग