हेरिबाल्डचे जोडे

प्रिय अव्या,

आल्यापासून फोनवर थंडी आणि गुडघे यापलीकडे आपलं बोलणं गेलं नाही, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. परवा झुरिकहून लेकीने गाडीत बसवून दिलं, तासाभरात सेंट गॅलनला उतरलो. तिथला जुना बेनेडिक्टाइन मठ, म्हणजे ख्रिस्ती भिक्षूंचा, बघायचा होता. मठ म्हणून तो १८०५ सालीच बंद झाला, पण ग्रंथालय अजून जागेवर आहे. दारावर ग्रीकमध्ये लिहिलंय, 'आत्म्याचा दवाखाना'. आत शिरताना बुटांवर नमद्याच्या ढगळ सपाता चढवायच्या, लाकडी जमिनीवरची नक्षी खराब होऊ नये म्हणून. फडकं मारल्यासारखा सरकत सरकत मी हजार-बाराशे वर्षांची हस्तलिखितं बघत फिरलो.

सुरुवातीची गोष्ट थोडक्यात सांगतो. इ. स. ६१२च्या सुमारास गालुस नावाचा एक संन्यासी आजारी पडला, त्याचे सोबती पुढे इटलीला गेले आणि हा इथल्या रानात राहिला. अस्वल त्याला लाकडं आणून देई आणि बदल्यात पाव घेई, अशी दंतकथा आहे. ७१९ मध्ये ओटमारने त्या जागी मठ उभारला आणि ७४७ पासून तिथे संत बेनेडिक्टचे नियम लागू झाले. एका आदर्श मठाचा नकाशाही इथे आहे, पाच चामडी शिवून केलेल्या तुकड्यावर लाल शाईने काढलेला. कोंबड्यांचं खुराडं, हंसांचं खुराडं, मधे राखणदाराचं घर, सगळं त्यात आहे. तसा मठ कधी बांधलाच नाही. बाराव्या शतकात कुणीतरी पाठच्या कोऱ्या बाजूवर एका संताचं चरित्र लिहून काढलं, म्हणून तो नकाशा कागदपत्रांत टिकला!

पण तुला लिहायला बसलो ते ९२६ सालासाठी. हंगेरियन घोडेस्वार चाल करून येत होते. विबोराडा नावाची एक बाई चर्चशेजारच्या खोलीत स्वतःला कायमची कोंडून घेऊन राहायची. तिने मठाला आधीच सावध केलं. पुस्तकं रायशेनाउच्या मठात पोहोचली, माणसं गढीत गेली. ती मात्र खोली सोडायला तयार झाली नाही आणि कुऱ्हाडीच्या घावांनी मेली. पुढे पुस्तकं परत आली तेव्हा, मठाचा बखरकार चौथा एक्केहार्ट लिहितो, आकडा जुळला, पुस्तकं मात्र तीच नव्हती. तुमच्या वाचनालयाची वार्षिक मोजणी आठवली की नाही?

आणखी एक जण मागे राहिला, हेरिबाल्ड नावाचा भोळसट भिक्षू. सगळे पळत असताना तो म्हणाला, "पळायचं त्यांनी पळा. कोठीवाल्याने यंदा मला जोड्यांसाठी चामडं दिलेलं नाही, मी हलणार नाही." शत्रूने त्याला वेडा ठरवून सोडून दिलं, वर मांस आणि दारू मनसोक्त दिली. चर्चमध्ये ते दंगा करू लागले तेव्हा याने गप्प केलं, म्हणून मानेवर फटके बसले, आणि लगेच समजूत म्हणून आणखी दारू! सगळे परतल्यावर हा सांगतो, इतकी आनंदी माणसं मी आपल्या मठात कधी पाहिली नाहीत. मारलं तरी भरपाई केली, ती तुमच्यापैकी कुणी केली नसती.

एक्केहार्टने हे शंभरेक वर्षांनी लिहिलंय, तेव्हा थोडं मीठमसाला असेलच. पण चामड्याचं कारण कुणी बसून रचलं असेल असं मला वाटत नाही. असली तक्रार नोकरीत हाडं झिजवलेल्या माणसाच्याच तोंडी येते. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या घेऊन सायकल मारायचास त्या दिवसांत मंजूर झालेला रेनकोट निवृत्तीपर्यंत मिळाला नाही, हे तू आजही पहिल्या पावसाला ऐकवतोस.

वहिनींना सांग, चॉकलेटं घेतलीत. आणि तुझ्या पायाचं माप कळव, इथे नमद्याच्या सपाता छान मिळतात.

तुझा,
बंड्या