रानपिंगळ्याच्या फोटोबद्दल, सोनूस

प्रिय सोनू,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मी पटकन बोलून गेलो की जाऊ दे गं, लोकांना काय कळतं. ते चुकीचं बोललो. रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून लिहायला बसलो. तुमच्या नेचर क्लबात पडद्यावर तुझा रानपिंगळा, म्हणजे त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचा फोटो, लागला, सगळ्यांनी कडक, जबरदस्त म्हटलं आणि मागून एका सरांनी एवढंच विचारलं की "कॉल वाजवला होता का?" म्हणजे पाखरू जवळ यावं म्हणून त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं होतं का. बेटा, त्या अख्ख्या हॉलमध्ये तुझा फोटो खरा बघितला तो त्यांनीच.

तू पाठवलेले आठही फ्रेम मी कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. आठही फ्रेममध्ये पाखरू ताठ बसून सरळ तुझ्याकडेच बघतंय, एकदाही मान वळवून खाली गवतात सरडा शोधत नाही. सरांना शंका आली ती इथून. आणि तू कबूल केलंस की मोबाइलवर दोन मिनिटं वाजवला. तुझ्यासाठी दोन मिनिटं गं, पण त्या पाखराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा पिंगळा घुसला, मग तो शिकार सोडून भांडायला येतो, आणि हे सगळे महिने त्यांच्या अंडी-पिल्लांचे आहेत. उद्या तुझा फोटो बघून दहा जण तिथे जाऊन तेच करतील. म्हणून कोणी लोकेशन विचारलं तर फक्त सातपुडा सांगायचं, पुढे काही नाही.

आणि हे पाखरू आपल्या खान्देशचं आहे म्हणून मला जास्त लागतं. १८८४ नंतर ते कोणाला खात्रीने सापडलंच नव्हतं. मधे माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मेलेल्या पाखराचा एक जतन केलेला नमुना दाखवला, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला असं लेबल लावून, पण तो निघाला चोरीचा, डेव्हिडसन नावाच्या दुसऱ्या इंग्रज साहेबाने कितीतरी आधी इथून गोळा केलेला. त्या खोट्या लेबलामुळे शोधणारे भलतीकडेच शोधत बसले. शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाई आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. म्हणून फोटोखालची ओळ खरी लिही. कॉल वाजवला तर वाजवला लिही, आणि पुढच्या वेळी वाजवू नको.

आता माझं. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, डार्करूममध्ये टेस्ट स्ट्रिप, म्हणजे उजेड किती द्यायचा ते बघायची कागदाची पट्टी, काढल्याशिवाय एक प्रिंट गिऱ्हाइकाला दिली नाही, पण तुझ्या प्रत्येक फोटोला मात्र नुसतं छान म्हणत आलो. तुला वाईट वाटेल म्हणून. त्यात तुझं नुकसान झालं, मला माफ कर. तर आज नीट सांगतो. ऊन भर दुपारचं आहे, त्यामुळे पोटाचा पांढरा भाग पार जळालाय, तिथे पिसं उरलीच नाहीत. एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये, म्हणजे उजेड जरा कमी, घ्यायचं होतं किंवा सकाळी लवकर जायचं होतं. डोळे मात्र टाचणीसारखे शार्प आलेत, पिवळ्या बुबुळात उजेडाचा ठिपका आहे, हे सोपं नसतं. सागाची फांदी नेमकी पायांवरून गेलीय, दोन पावलं डावीकडे सरकली असतीस तर नखं दिसली असती. आणि क्रॉप इतका टाइट का केलास? शेपटीचं टोक कापलं गेलंय. मूळ फ्रेममध्ये पानगळीचा साग आहे, तो भुरा रंग आहे, पाखरू त्यात विरघळल्यासारखं दिसतं. मला तोच फोटो आवडला. तो ठेव.

अजून एक गोष्ट, ही सांगताना मला जड जातंय. त्याच दिवशी त्या पहिल्या वर्षाच्या पोराने खंड्याचा फोटो लावला आणि तू म्हणालीस की हा डिलीट करायचा. तूच मला हसत सांगितलंस. त्या पोराला काय कळलं यातून? पंख हलले म्हणून फोटो फसला, शटर १/२५० सेकंदावर राहिलं होतं, उडत्या पाखराला १/२००० तरी लागतं, एवढं एक वाक्य त्याला पुरलं असतं. आधी विचारायचं की तुला यात काय दाखवायचं होतं, आणि मग बोलायचं. त्याला एकदा भेट.

पुढच्या रविवारी घरी ये. सकाळी सहाला हतनूर धरणावर जाऊ, तापीच्या पाण्यावर चक्रवाक बदकं उतरलीत असं परवा ऐकलं. काठावर पोटावर झोपून त्यांच्या डोळ्याच्या पातळीवरून काढू, सतरंजी मी घेतो. तू माझे फोटो बघ आणि खरं काय ते सांग. आई भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहे, मेहरूणची बोरंही आणून ठेवलीत.

तुझे
पप्पा