विद्यार्थी मंडळाच्या मार्गदर्शक मॅडमना जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

निरोप समारंभात सत्कार घ्यायला तुम्ही साफ नकार दिलात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. आता तुम्हाला नाही म्हणायची सोय नाही.

सचिव झालो तेव्हा भाषण कसं ठोकायचं ते तुमच्याकडून शिकावं, एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही मात्र आदल्या वर्षीच्या इतिवृत्ताची वही उघडलीत. त्यात एक ओळ होती : 'मंचव्यवस्था – सर्वजण'. 'सर्वजण'वर लाल पेनाने रेघ मारून तुम्ही विचारलंत, "काम अडलं तर मी फोन कोणाला करू?"

मग रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याचे दोरखेचीचे प्रयोग सांगितलेत, 1913 मध्ये प्रसिद्ध झालेले. दोर ओढणारी माणसं वाढली की दर माणशी जोर कमी पडत गेला. 1979 मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, तिथेही तेच. पुढे 1981 मध्ये दिसलं, की आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं तर घोळक्यातही माणूस अंग चोरत नाही. पोरं आळशी आहेत ही आमची नेहमीची तक्रार तिथेच निकालात निघाली. तेव्हापासून वहीत प्रत्येक कामासमोर एकच नाव आणि तारीख.

नाव लिहिणं सोपं होतं. दिलेल्या कामात लुडबुड न करणं महाकठीण! सूत्रसंचालनाची संहिता एका प्रथम वर्षाच्या मुलीकडे होती. मी रात्री बसून ती 'जरा नीट' करायला घेणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "तुला खटकतंय ते तिला विचार, लेखणी तिच्याच हातात राहू दे." मी दोन प्रश्न विचारले. तिने एक बदल केला, दुसरा का करणार नाही ते सांगितलं, आणि तिचंच बरोबर होतं. माझ्याहून चांगलं कोणी करतंय हे पाहून पोटात न दुखणं, हे मला त्या कार्यक्रमात जमलं. त्याचं श्रेय तुमचं.

एका बाबतीत अजून वाद आहे. प्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावं, हा तुमचा नियम. बैठकीत तो शंभर टक्के पटतो, कारण प्रमुखाचं मत आधी आलं की बाकीचे माना डोलावतात. पण कार्यक्रमाला दहा मिनिटं उरलेली आणि माईक बंद, अशा वेळी मी आधीच बोलणार. रागावू नका.

माझ्या चुका तुम्ही चारचौघांत कधीच काढल्या नाहीत, केबिनचं दार लावून मात्र एकही सोडली नाहीत. दोन्हीसाठी मनापासून आभार.

ती संहितावाली मुलगी यंदा सचिवपदाला उभी राहते आहे. तुमच्याकडे येईलच. ती वाद घालते, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला विद्यार्थी,
माजी सचिव