रोझमेरी क्लूनी एका गाण्यापुरत्या नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत १९५०च्या दशकातील अमेरिकी गायिकांवर जो लेख आला, त्यात रोझमेरी क्लूनी यांची दोन ओळींत बोळवण केलेली पाहून हे पत्र लिहीत आहे. ‘कम ऑन-ए माय हाऊस’सारखी चटपटीत गाणी गाणारी आणि रॉक अँड रोल येताच मागे पडलेली गायिका, असा त्या ओळींचा मथितार्थ होता. यातला पहिला भाग अर्धसत्य आहे आणि दुसरा त्यांच्या कारकिर्दीचा सकस भागच पुसून टाकणारा आहे.

केंटकीतील मेसव्हिल गावच्या क्लूनी धाकट्या बहिणीसह आधी सिनसिनाटीच्या रेडिओवर आणि नंतर टोनी पास्टर यांच्या बँडमध्ये गात असत. पुढे त्या कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीत आल्या, तेव्हा तेथे कोणी काय गायचे हे मिच मिलर ठरवीत. १९५१ साली मिलर यांनी पुढे केलेले ‘कम ऑन-ए माय हाऊस’ हे गाणे क्लूनी यांना मुळीच रुचले नव्हते. गायचे नसेल तर कंपनीत जागा नाही, अशी तंबी मिळाल्यावरच त्या ध्वनिमुद्रणाला उभ्या राहिल्या. साथीला हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे जुने पाश्चात्त्य वाद्य) आणि ओढूनताणून परदेशी केलेले उच्चार, असा तो सारा थाट होता. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि कंपनीला साचा सापडला. त्याच साच्यातून १९५४मध्ये ‘मॅम्बो इटालियानो’ निघाले. मात्र त्याच वर्षी ‘हे देअर’ या संथ गाण्यानेही पहिला क्रमांक गाठला होता, हे लेखकाने सांगायला हवे होते.

करारांचा जाच कसा असे, याचा एक नमुना सांगतो. ‘व्हाइट ख्रिसमस’ चित्रपटात क्लूनी नायिका, पण त्यातील गाण्यांच्या तबकडीचे हक्क डेक्का कंपनीकडे आणि क्लूनी कोलंबियाशी बांधलेल्या. परिणामी डेक्काच्या तबकडीवर त्यांच्या वाट्याची गाणी गायिका पेगी ली यांनी गायली.

या सगळ्यातून वाट काढून १९५६मध्ये त्यांनी जॅझ संगीतकार व बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्यासह ‘ब्लू रोझ’ ही एलपी केली. क्लूनी तेव्हा गरोदर असल्याने न्यूयॉर्कला जाऊ शकत नव्हत्या. एलिंग्टन यांच्या बँडने आपली बाजू न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केली. एलिंग्टन यांचे सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न लॉस एंजेलिसला गेले आणि तेथे क्लूनी यांनी त्या टेपवर आपला आवाज चढवला. शीर्षकगीतात तर शब्दच नाहीत, नुसत्या स्वरांनी त्या एखाद्या वाद्यासारख्या बँडमध्ये शिरतात. गायिका आणि वादक यांच्यामध्ये अख्खा अमेरिका खंड आहे, हे आधी ठाऊक नसेल तर कानाला कळणार नाही. माझ्या मते कोलंबियाच्या काळातील त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच.

१९६८मध्ये त्यांचे स्नेही, राजकीय नेते रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर क्लूनी यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि पुढली काही वर्षे त्यातून सावरण्यात गेली. १९७६मध्ये ‘व्हाइट ख्रिसमस’मधील सहकलाकार, गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना आपल्या कार्यक्रमांत बोलावून घेतले. १९७७पासून कॉनकॉर्ड कंपनीसाठी त्यांनी जवळजवळ दर वर्षी एक तबकडी केली. कोल पोर्टर, हॅरल्ड आर्लेन, अर्व्हिंग बर्लिन अशा एकेका संगीतकाराची गाणी घेऊन, स्कॉट हॅमिल्टन यांचा सॅक्सोफोन आणि वॉरन व्हाशे यांचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य) अशा मोजक्या साथीवर हे काम झाले. यातील एखादी तबकडी लावून पाहावी. आवाज खाली उतरलेला आहे आणि दम तोकडा झाला आहे. तरुणपणी जी ओळ त्या एका श्वासात नेत, ती आता मध्ये तुटते, पण तुटते ती नेमकी अर्थाच्या जागी, आणि पुढला शब्द ठेक्याच्या किंचित मागून येऊन अलगद बसतो. वयस्क गवयाची मैफल ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्यांना या गाण्याची गोडी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

जून २००२मध्ये त्यांचे निधन झाले. आदल्या नोव्हेंबरात होनोलुलू येथे वाद्यवृंदासह झालेला त्यांचा कार्यक्रमही मुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. पुरवणीत हा विषय पुन्हा निघालाच, तर १९७७नंतरच्या निदान एका तबकडीची दखल घेतली जावी, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे