सूचना : वीज गेल्यावर फिशटँकची घ्यावयाची काळजी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वळवाच्या पावसात वीज तासन्‌तास जाण्याची शक्यता लक्षात घेऊन प्रत्येकाने आपल्या टाकीची तयारी आताच करून ठेवावी.

वीज गेल्यावर मासे दगावतात ते मुख्यतः प्राणवायूअभावी. 25 अंश तापमानाचे पाणी लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते. पाणी तापेल तसे हे प्रमाण घटते आणि माशांची गरज मात्र वाढते. त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवावा, अथवा घरी इन्व्हर्टर असल्यास लहान पंप खुशाल त्यावर जोडावा, कारण त्याला जेमतेम तीन-चार वॅट लागतात. दोन्ही नसल्यास टाकीतलेच पाणी मगने काढून वीतभर उंचीवरून परत सोडत राहावे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर हे काम लगेच हाती घ्यावे. फायटर आणि गुरामी या जातींचे मासे हवेतून श्वास घेऊ शकतात. गोल्डफिशच्या बाबतीत मात्र चालढकल नको.

वीज येईपर्यंत खाणे घालू नये. निरोगी मोठे मासे दोन दिवस उपाशी सहज राहतात (घरातील लहान मुलांना हे पटवणेच अवघड).

कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवलेला बंद डब्यासारखा फिल्टर) बरेच तास बंद राहिल्यास आतले उपयुक्त जिवाणू मरू लागतात व पाणी कुजते. असा फिल्टर तसाच सुरू न करता साचलेले पाणी ओतून द्यावे आणि स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून मगच जोडावा.